खालून कापलेल्या दोन ओळी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अनुदान देणाऱ्या संस्थेच्या अधिकारी मॅडमनी माझ्या बहिणीला, तिच्याच घरात, तिच्याच खुर्चीशेजारी उभं राहून विचारलं, "आणि आपण कोण?"

ताईच्या हातात ट्रे होता. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे, आणि म्हणाली, "मी चहा आणते इथे."

वाक्य चार शब्दांचं होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि मला त्याची दुरुस्ती करता आली नाही. एरवी दुरुस्ती हाच माझा धंदा. एका दैनिकाच्या बातमी-टेबलावर मी एकतीस वर्षं काढली. माझ्या हाताखालून गेलेल्या मजकुरापायी पेपरला एकदाही खुलासा छापावा लागला नाही, हे मी माझ्या निरोप समारंभात सांगितलं होतं. मीच सांगितलं, कारण बाकी कुणी सांगायचं लक्षण दिसेना. त्यामुळे खाली जो खुलासा आहे, तो माझ्या कारकिर्दीतला पहिला समजावा.

प्रकार असा. माझी मोठी बहीण गेली अकरा वर्षं दृष्टिहीन माणसांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. दुपारी एक ते पाच, मागच्या खोलीत, खिडकीला रजई लावून. आजवर पाचशे चौदा पुस्तकं झाली. ऐकणारे एक्केचाळीस. त्यांचं एक श्रोता मंडळ आहे आणि त्याचे प्रमुख निवृत्त टेलिफोन ऑपरेटर आहेत. त्यांना जन्मापासून दिसत नाही. मात्र त्यांच्या कानातून काही सुटत नाही. प्रत्येक पुस्तकानंतर त्यांचा फोन येतो. वाचन उत्तम, असं म्हणून ते पुढची यादी सांगतात: तिसऱ्या प्रकरणात पाण्याचा पंप, सातव्यात वरच्यांची खुर्ची सरकली, नायकाची आई जाते त्या पानावर भंगारवाल्याची हाक. एकदा त्यांनी मला विचारलं होतं की आई गेल्या गेल्या भंगारवाला बोलावला, हा लेखकाचा विचार होता की आमचा.

आजवर हे निभलं. पण गेल्या महिन्यात ताईच्या डोक्यावरचा मजला शिवणकामाच्या कारखान्याला भाड्यानं गेला. येत्या एक तारखेपासून तिथे नऊ ते सहा अकरा मशिनं चालणार आहेत. रजईला ती झेपणार नाहीत. आवाज आत येऊ न देणारी छोटी खोली बांधून झाली तर वाचन चालू राहील, नाहीतर अकरा वर्षांनी बंद पडेल. सगळा मामला एवढाच होता. एका संस्थेनं अशा कामांसाठी अनुदान जाहीर केलं, ते मी पेपरात वाचलं, कापून ठेवलं, आणि ताईला म्हणालो की अर्ज मी करतो. तू फक्त वाच.

या 'फक्त'चा हिशेब पुढे येईल.

संस्थेची माहितीपुस्तिका चौतीस पानांची होती. तीत 'अंदाजपत्रक वास्तववादी असावे' हे वाक्य नऊ वेळा आलं आहे. मी मोजलं. मोजणं हा जुना आजार. दोन नियम मुख्य होते. एक, खर्चाचे सत्तर टक्के संस्था देणार, तीस टक्के आपण उभे करायचे; आणि खिशात पैसे नसतील तर स्वयंसेवकांच्या वेळेला ताशी दर लावून तो हिस्सा दाखवता येईल. दोन, अंदाजपत्रक एका पानावर, बारा ओळींत बसलं पाहिजे. बारापेक्षा जास्त ओळींचं अंदाजपत्रक विचारात घेतलं जाणार नाही.

दुसरा नियम वाचून मला बरं वाटलं. मोजकी जागा आणि ठरलेली वेळ, म्हणजे माहेरीच आल्यासारखं. पहिल्या नियमात काय वाढून ठेवलंय ते तेव्हा दिसलं नाही.

आधी सुतार. तीन दरपत्रकं लागतात. आमच्या गल्लीतला सुतार चांगला माणूस आहे, पण त्यानं आयुष्यभर कपाटंच केली. त्यानं खोली मापली, दोनदा मान हलवली आणि विचारलं की आत हँगर किती लागतील. मी सांगितलं की आत माणूस बसणार आहे. त्यानं पेन्सिल कानावरून काढली, थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि सौम्यपणे विचारलं की घरातल्या बाकीच्यांना हे माहीत आहे का. शेवटी त्यानं 'मोठे कपाट, एक माणसाचे, बंद, खुर्चीसह' असं दरपत्रक दिलं. आरसा फुकट. दुसरं दरपत्रक जनरेटरच्या खोल्या बांधणाऱ्यांचं आलं. त्यात धूर बाहेर जायची सोय धरलेली होती. तिसरं सिनेमावाल्यांचं. त्यातला आकडा मी ताईला दाखवला नाही. तिचं मन नाजूक नाही, पण राहतं घर तिनं त्याहून कमी पैशात घेतलं होतं.

आणि मग स्वयंसेवकांचे दर.

ताईच्या कामाला दोघांची नेमानं मदत असते. समोरच्या घरात राहणारे निवृत्त बँक मॅनेजर दर रविवारी दोन तास मेमरी कार्डांच्या पाकिटांवर लेबलं चिकटवतात. आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई आठवड्याला तीन तास येऊन परक्या नावांचे उच्चार तपासून देतात. दोघं सात-आठ वर्षं येत आहेत. त्यांच्यात कधी शब्दाला शब्द लागलेला नाही. एका कपातला चहा दोन बशांत ओतून पिण्याइतकं बरं चाललं होतं.

मॅनेजर मला 'संपादक' म्हणतात. मी संपादक कधीच नव्हतो. एवढी एक दुरुस्ती मी आठ वर्षांत केलेली नाही. मी त्यांच्याकडे दर विचारायला गेलो तेव्हा त्यांनी मला आधी खुर्ची दिली, मग सल्ला. हवं त्याच्या दुप्पट मागा, ते निम्मं करतील. मी म्हणालो, वास्तववादी हवंय.

"वास्तव काय ते मागणाऱ्यानं ठरवायचं नसतं, संपादक," मॅनेजर म्हणाले. "कापणाऱ्यानं ठरवायचं असतं. चाळीस वर्षं कर्जाचे अर्ज कापलेत मी."

मी त्यांच्यासाठी ताशी तीनशे सुचवले. त्यांचा चेहरा पाणी न विचारलेल्या पाहुण्यासारखा झाला. त्यांनी आतून शेवटच्या महिन्याची पगारपावती आणली. ती प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेली होती. भागाकार केला तर ताशी साडेचारशे आले. मी साडेचारशे लिहिले. आपल्याला द्यायचे कुठे होते?

बाईंनी दर लावूच नका म्हणून सांगितलं. असल्या कामाचे कसले पैसे, म्हणाल्या. मी त्यांना नियम समजावून देताना, केवळ उदाहरण म्हणून, मॅनेजरांचा आकडा सांगितला. बाईंनी चष्मा पुसला. लेबलं चिकटवायला साडेचारशे का, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. मग जगातल्या नद्यांची नावं नीट म्हणायला किती? मी म्हणालो, तुम्हीच सांगा. त्या म्हणाल्या, जास्त नको. त्यांच्यापेक्षा एक.

चारशे एक्कावन्न ही बातमी संध्याकाळपर्यंत समोरच्या घरात पोचली. मॅनेजर स्वतः आले नाहीत. त्यांनी पावती पाठवली, या वेळी महागाई भत्त्यासकट. पुढचे तीन दिवस मी त्या दोन घरांमध्ये आकडे घेऊन फिरत होतो. जे पैसे कुणालाच मिळणार नव्हते, त्यांच्यावरून दोन चांगली माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली. रविवारी मॅनेजरांनी रागाच्या भरात मधमाशीपालनाचं लेबल एका प्रेमकथेवर लावलं आणि प्रेमकथेचं मधमाश्यांवर. ऑपरेटरांचा फोन आला. कथा संथ आहे पण माहिती भरपूर आहे, असं त्यांचं मत पडलं. शेवटी दोघांनाही चारशे पंचाहत्तर द्यायचं ठरलं, तेव्हा कुठे बशा परत एका टेबलावर आल्या.

या सगळ्यात माझी स्वतःची एक ओळ होती. ती कुणी मागितलेली नव्हती. पण अर्जात समन्वय करणारा माणूस लागतोच, असं मला वाटलं, आणि समन्वय तर मी चपला झिजवून करतच होतो. मी अगदी वरच्या ओळीत स्वतःला लिहिलं. आठवड्याला चार तास. दर शेवटच्या पगारावरून काढला. उत्तर आलं पाचशे बारा पूर्णांक चार. पुस्तिका म्हणते की आकडे पूर्णांकात द्या. मी पाचशे तेरा लिहिलं. शाळेत शिकवल्याप्रमाणे ते पाचशे बारा व्हायला हवं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

बाकी यादी ताईनं करून दिली होती. औषधांच्या पाकिटाच्या पाठीवर, सरळ अक्षरात, तेरा ओळी. खोली, रेकॉर्डर, माइक, संगणक, कार्डं, पाकिटं, टपाल, किरकोळ दुरुस्त्या, मॅनेजर, बाई, आणि अशाच. बारावी ओळ होती वीज. तेरावी होती, 'वाचन – मी'.

ताईची ही पद्धत लहानपणापासूनची. सामानाच्या यादीत तिचं औषध शेवटी. घरातल्या कुठल्याही फोटोत ती कडेला, अर्धा खांदा चौकटीबाहेर. पाच जणांना वाढून झालं की उरलेल्यात तिचं ताट. हे मी साठ वर्षं पाहत आलोय. पाहिलं म्हणजे लक्षात आलं असं नसतं, हे आमच्या धंद्यात नव्या वार्ताहराला पहिल्या आठवड्यात सांगतात.

आमच्या धंद्यात आणखी एक गोष्ट सांगतात. बातमीत महत्त्वाचं आधी लिहावं, कमी महत्त्वाचं खाली. म्हणजे जागा कमी पडली तर पान लावणारा डोळे मिटून खालून कापू शकतो. मी एकतीस वर्षं खालून कापलं. कापलेल्या ओळीत काय होतं, ते नंतर कधी वाचलं नाही. वाचायचं असतं तर कापलं कशाला असतं?

ताईच्या तेरा आणि माझी एक मिळून चौदा झाल्या. जागा बाराच. तीस टक्क्यांसाठी लागत होते दोन लाख तीस हजार. मॅनेजर, बाई आणि मी मिळून भरले दोन लाख तीस हजार दोनशे चार. आकडा पुरा, वर दोनशे चारची शिल्लक. मी खालच्या दोन ओळी कापल्या. वीज आणि बहीण.

मी माझी ओळ घातली नसती तर काय झालं असतं, हा हिशेबही मी नंतर केला. तेरातली एकच ओळ कापावी लागली असती. शेवटची. म्हणजे तरीही तीच गेली असती. यातून कुणाला काही दिलासा मिळतो का ते बघावं. मला मिळाला नाही.

बायकोनं त्या दिवशी स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "अहो, ताईंना दाखवलंत का?"

मी म्हणालो, सगळं छान टाइप करून झालं की बघेलच. बायको काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा भांडी जरा मोठ्यानं लागतात.

आणि ताईनं ते पाहिलंच. नुसतं पाहिलं नाही, वाचून दाखवलं. अर्जासोबत श्रोता मंडळाच्या प्रमुखांची संमती जोडायची होती. ते न ऐकता सही करत नाहीत, आणि त्यांना ऐकवायचं म्हणजे ताईनं रेकॉर्ड करायचं. मी गुरुवारी दुपारी तिच्या हातात कागद दिला आणि पाचच्या आत आटप म्हणालो. ती मागच्या खोलीत गेली. मी बाहेर मॅनेजरांशी व्याजदरांवर बोलत बसलो. पाऊण तासानं ती कार्ड घेऊन आली, माझ्या हातात दिलं आणि गॅसकडे गेली. तिच्या चेहऱ्यावर काही होतं का, हे मी सांगू शकत नाही. मी कार्ड पाकिटात घालत होतो.

शुक्रवारी सकाळी दहा वीसला ऑपरेटरांचा फोन आला. सही करतो, म्हणाले. वाचन उत्तम. मग नेहमीची यादी आली, पण या वेळी ती एकाच ओळीची होती.

"बाराव्या ओळीनंतर त्या चार सेकंद थांबल्या," ते म्हणाले. "पान उलटल्याचा आवाज नाही. पुढचं पान हरवलंय का तुमचं?"

मी म्हणालो, पंप सुरू झाला असेल.

"पंप असता तर ऐकू आला असता. तिथे काहीच नव्हतं."

मी म्हणालो की रेकॉर्डर म्हातारा झालाय, त्यासाठीच तर हा अर्ज आहे. हे उत्तर मला तेव्हा हुशारीचं वाटलं. अर्ज देण्याची मुदत संध्याकाळी पाचपर्यंत होती. म्हणजे चूक सुधारायला सहा तास चाळीस मिनिटं माझ्या हातात होती, आणि एका माणसानं ती कुठल्या ओळीवर आहे हेही सांगितलं होतं. मी चार वाजता अर्ज देऊन आलो.

त्यानंतर अकरा दिवसांनी मॅडम पाहणीला आल्या. वय फार नसावं. हातात फाइल, पायात साध्या चपला. आल्या आल्या त्यांनी रजई बोटानं दाबून पाहिली. मॅनेजर आणि बाई चांगल्या कपड्यांत बसले होते. मी समन्वयक म्हणून उभा होतो. ताई चहा घेऊन आली, तेव्हा ते वर दिलेलं संभाषण झालं.

मॅडमना त्या चार शब्दांत काही वावगं वाटलं नाही. त्यांनी कप घेतला, आभार मानले आणि फाइल उघडली. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला आवाज मला सोपा जातो.

"तुम्ही हल्ली वर्षाला साठ पुस्तकं म्हणताय," त्या म्हणाल्या. "एका पुस्तकाला वीस तास. झाले बाराशे. या कागदावर सगळ्यांचे मिळून चारशे अडुसष्ट तास आहेत. समन्वय, लेबलं, उच्चार. यात वाचनाचा एकही तास नाही. पुस्तकं वाचतं कोण?"

मी पुस्तिकेची पानं चाळायला लागलो, जसं काही उत्तर तिथे असणार होतं. भूगोलाच्या बाई भिंतीकडे बघत राहिल्या. शेवटी मॅनेजर, ज्यांनी आयुष्यात कधी कुठलं उत्तर दहा मिनिटांच्या आत संपवलं नव्हतं, ते दोन शब्दांत म्हणाले, "ताई वाचतात."

मॅडमनी ताईकडे पाहिलं. ताईच्या हातात अजून ट्रे होता. मग मॅडमनी कागदाकडे पाहिलं, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं की समन्वयक आपणच ना. मी हो म्हणालो. एकतीस वर्षांत मी पुष्कळ मंत्र्यांना अशा प्रश्नांवर घाम फुटलेला पाहिला होता आणि त्याचं वर्णन करताना 'निरुत्तर' हा शब्द वापरला होता. शब्द अपुरा आहे.

मॅडम ताईबरोबर मागच्या खोलीत गेल्या. दहा मिनिटं तिथे होत्या. बाहेर आल्या तेव्हा मला त्यांनी थोडक्यात सांगितलं की काम खरं आहे, अंदाजपत्रक वास्तववादी नाही. जो काम करतो तो कागदावर दिसला पाहिजे, दरासकट. सुधारित पान गुरुवारी पाच वाजेपर्यंत कार्यालयात आलं तर अर्ज पुढे जाईल. नाहीतर पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी म्हणजे अकरा मशिनं सुरू होऊन अकरा महिने झाले असतील.

त्या गेल्यावर बशा उचलायला मी पुढे झालो. ताई म्हणाली, राहू दे.

बुधवार माझा कसा गेला याचा तपशील देण्यासारखा नाही. मी तीन नवे मसुदे केले. पहिल्यात ताईला बाराव्या ओळीत बसवायला टपाल काढलं, तर पुस्तकं पोचणार कशी हा प्रश्न आला. दुसऱ्यात मॅनेजर आणि बाईंना एका ओळीत घालायचा विचार केला. तो विचार मी त्यांच्यासमोर बोलूनही दाखवला नाही, मला अजून इथेच राहायचंय. तिसऱ्यात मी स्वतःला काढलं. ते काढताना उदार झाल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली. बायको भाजी निवडत होती. तिनं चष्म्यावरून पाहून विचारलं की पाचशे तेराच का, साडेपाचशे का नाही. एवढंच. मग परत भाजीकडे वळली.

दर मात्र ताईलाच विचारावा लागणार होता. गुरुवारी दुपारी मी गेलो तेव्हा तिचं वाचन चालू होतं. खोलीच्या दाराबाहेर स्टुलावर बसलो. रजईतून, दारातून तिचा आवाज येत होता. कुठल्या तरी प्रवासाचं पुस्तक होतं. एक माणूस नदी उतरून जात होता आणि बैल पाण्यात जायला तयार नव्हते. अकरा वर्षांत मी हे कधी बसून ऐकलं नव्हतं. चारला पंप सुरू झाला, तशी ती थांबली आणि दार उघडून बाहेर आली.

मी कागद पुढे केला. म्हणालो, ताई, तुझा ताशी दर काय लिहू?

तिनं कागद घेतला नाही. "आधी मला सांग, तुझ्या पाचशे तेरात काय काय धरलं होतंस?"

मी सांगितलं. पगार भागिले तास. समन्वय म्हणजे जाणं-येणं, फोन, पुस्तिका वाचणं. सांगता सांगता आवाज लहान होत गेला. तो किती लहान झाला हे ऑपरेटरांनी अचूक सांगितलं असतं.

"आणि तेव्हा मी यादीत होते का, तुझ्या डोक्यात?"

खोटं बोलायला वाव होता, पण खरं तेच सांगितलं. मी म्हणालो की तिची ओळ कापली हे मला मंगळवारपर्यंत माहीतच नव्हतं. खालून कापली. कुणाची आहे ते वाचलं नाही.

ताई हसली नाही, रागावलीही नाही. तिला वाईट वाटलंय हे तिच्या हातावरून कळत होतं. ती पदराच्या टोकाला घडी घालत होती, उघडत होती. म्हणाली, वाचायला बसली तेव्हा तिला वाटलं, मागे दुसरं पान असेल. शोधलं. खाली पडलंय का म्हणून टेबलाखालीही पाहिलं. मग रेकॉर्डर चालूच आहे हे लक्षात आलं.

चार सेकंद. टेबलाखाली वाकून बघायला तेवढेच लागतात.

मी म्हणालो, या वेळी मी माझी ओळ काढलीय, तुला व्यवस्थित जागा आहे. तेव्हा तिनं कागद घेतला. चष्मा लावला आणि माझा तिसरा मसुदा वरून खालपर्यंत वाचला.

"माणूस कापून जागा करायची ही पेपरातली रीत," ती म्हणाली. "घरात अक्षर बारीक काढतात रे."

मी तिला बारा ओळींचा नियम सांगायला लागलो. ती म्हणाली की नियम तिला पाठ आहे, तिनंच तो वाचून रेकॉर्ड केलाय. मग माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, कोरा फॉर्म घेतला आणि खोलीत गेली. पंप बंद झाला होता. आतून आधी लिहिण्याचा आवाज आला, मग थोड्या वेळानं वाचण्याचा. शब्द कळत नव्हते. चार वाजून बावीस मिनिटांनी ती एक बंद पाकीट आणि एक कार्ड घेऊन बाहेर आली. पाकीट डिंकानं चिकटवलं होतं, ओलं होतं. कार्ड ऑपरेटरांना दे म्हणाली. त्यांची संमती जुन्या पानावर होती, नवीन त्यांना कळायला हवं.

मी पाकीट उघडलं नाही. डिंक ओला होता, उघडून परत लावता आलं असतं, आणि मोह झाला हेही नोंदवतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून न वाचलेला मजकूर पुढे गेला. कार्ड वाटेत ऑपरेटरांच्या घरी दिलं आणि धावत कार्यालय गाठलं. खिडकीवरच्या कारकुनानं चार वाजून पन्नास मिनिटांनी पाकिटावर शिक्का मारला आणि मला पावती दिली. क्रमांक दोनशे सात.

शनिवारी सकाळी ऑपरेटरांचा फोन आला.

संमती कार्यालयाला कळवलीय, म्हणाले. वाचन उत्तम. या वेळी कुठे थांबणं नाही. मी विचारलं, ताईचा दर काय आहे? ते म्हणाले की तो त्यांनी ऐकलाय आणि बरोबर आहे, पण सांगायचा असता तर तिनं मला पाकीट उघडं दिलं असतं. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे फोन जोडले, मधे कधी बोलले नाहीत. मी म्हणालो, निदान ओळी किती आहेत ते तरी सांगा.

"तेरा," ते म्हणाले. "वीज आणि टपाल एका ओळीत घातलंय. पहिली ओळ वाचनाची. तेराव्या ओळीत तुम्ही आहात."

मी म्हणालो, पण बारापेक्षा जास्त ओळी असल्या तर ते विचारातच घेत नाहीत.

"हो, तेही त्यांनी शेवटी वाचलंय."

मग मी विचारलं की तेराव्या ओळीत माझं काम काय लिहिलंय.

"चहा," ऑपरेटर म्हणाले. "रोज चार वाजता, पंप चालू असताना. दराच्या जागी त्या जरा हसल्या. तेवढा एक आवाज जास्तीचा आहे."

तेव्हापासून मी रोज पावणेचारला ताईकडे जातो. पहिल्या दिवशी साखर विसरलो. ताईनं कप संपवला आणि पुढचं पान वाचायला गेली. बायकोनं मात्र घरी आल्यावर विचारलं की हेही खालून कापलंत का.

तेरावी ओळ पाहून कार्यालय नुसती तेवढी ओळ कापतं की सगळा अर्ज बाजूला ठेवतं, हे चौतीस पानांत कुठेच दिलेलं नाही. मी पुन्हा वाचून पाहिलं. मॅडमना दोनदा फोन केला. एकदा त्या बैठकीत होत्या, एकदा बाहेर. आज सकाळी मजला घेणाऱ्या कारखान्याची पहिली सहा मशिनं जिन्यानं वर गेली. सुतारानं येऊन विचारलं की कपाटाचं काय ठरलं. दुपारी तीन वाजता मी कार्यालयाच्या खिडकीवर पावती दाखवली. कारकुनानं रजिस्टर उघडलं, बोट खाली खाली नेलं आणि दोनशे सात क्रमांकासमोर काय लिहिलंय ते वाचून दाखवलं: छाननी चालू आहे.

पावणेचार वाजत आले होते. मी निघालो.